एरे, पीवरी आणि गळालेला ‘प’

आयर्लंडचं आयरिश भाषेतलं नाव ‘एरे’. १९३७च्या राज्यघटनेत देशाचं नाव म्हणून हेच आहे, तिथल्या युरो नाण्यांवरही हेच. ‘एरे म्हणजे आपलं आर्य’ अशी समजूत आजही ऐकू येते. तीही आपली नव्हे. अडॉल्फ पिक्ते या स्विस अभ्यासकाने १९व्या शतकातच ती मांडली होती. ती टिकली नाही. संस्कृतशी नातं आहे, पण भलत्याच शब्दाशी.

जुन्या आयरिशमध्ये हे नाव ‘एरियू’ असं होतं. शेजारच्या वेल्शमध्ये आजही ‘इवेर्दॉन’ म्हणतात आणि ग्रीक भूगोलकार टॉलेमीने इ.स.च्या २ऱ्या शतकात ‘इउएर्निया’ लिहिलं. म्हणजे मुळात मधोमध ‘व’ होता. आयरिशमध्ये तो दोन स्वरांच्या मध्ये झिजून गेला. ‘आर्य’मध्ये हा ‘व’ आणायचा कुठून?

आता सुरुवातीकडे बघू. आयरिश, वेल्श या केल्टिक भाषांच्या पूर्वजाने शब्दारंभीचा ‘प’ टाकून दिला, आणि तोही अगदी नियमाने. संस्कृत ‘पितृ’, लॅटिन ‘पातेर’, पण आयरिशमध्ये ‘आहिर’. लॅटिन ‘पिस्किस’ म्हणजे मासा, तो आयरिशमध्ये ‘ईअस्क’. आपल्या ‘पूर्ण’चा तिकडचा भाऊबंद तर ‘लान’! ‘एरियू’च्या पूर्वरूपाला हा गळालेला ‘प’ परत जोडला की समोर येते संस्कृत ‘पीवरी’, म्हणजे पुष्ट, भरलेली. संस्कृत काव्यात भेटणाऱ्या ‘पीवर’चंच हे स्त्रीलिंगी रूप. ‘एरियू’ही स्त्रीलिंगीच, आयरिश पुराणकथांत ती देवी आहे आणि बेटाला तिचं नाव मिळालं असं त्या सांगतात.

पुष्ट भूमी म्हणजे सुपीक भूमी. (पण ‘सुपीक’मधला ‘पी’ बघून हुरळून जाऊ नका. आपलं ‘पीक’ आलं ‘पक्व’वरून. नुसतं ऐकायला सारखं वाटलं म्हणून नातं जुळत नाही, ‘आर्य’चीही गत तीच.)

रोमनांनी या नावाचं ‘हिबेर्निया’ केलं. लॅटिनमध्ये ‘हिबेर्नुस’ म्हणजे हिवाळी, त्यामुळे पुष्ट भूमीची चक्क हिवाळ्याची भूमी झाली. बेटाचा खरा गुण मात्र रोमनांच्याही कानावर होता. १ल्या शतकातला भूगोलकार पोम्पोनियस मेला लिहितो, की तिथे धान्य पिकायला हवामान वाईट, पण गवत इतकं माजतं, की गुरांना वेळीच आवरलं नाही तर ती चरून चरून फुटतील.