ट्यूबलाइट लावताना खरंच एवढी वीज खाते?

'ट्यूब लावताना अर्ध्या तासाची वीज खाते, म्हणून बंद न करता चालूच ठेवा' हा मेसेज कितीदा तरी फिरून आला असेल.

आधी हिशेब. ४० वॅटची जुनी ट्यूब चोकसकट साधारण ५० वॅट घेते. स्टार्टर लुकलुकतो ते दोनेक सेकंद ती पाचपट वीज ओढते असं धरू (एवढी ओढत नाही, पण धरू). तरी तो खर्च फक्त दहा सेकंदांच्या उजेडाइतका!

मीटरवर पडताळा घ्या. घरातलं बाकी सगळं बंद करून ट्यूब लावा आणि मीटरचा लाल दिवा बघा. युनिटला ३२०० ब्लिंकचा मीटर असेल, तर साधारण बावीस सेकंदांनी एकदा लुकलुकेल. मेसेज खरा असता तर ट्यूब लावताक्षणी ऐंशी ब्लिंक धडाधड पडले असते.

समजुतीला थोडा आधार मात्र आहे. दर वेळी लावताना टोकांच्या फिलामेंटवरचा लेप झिजतो. टोकं काळी पडतात ती त्यामुळेच. म्हणजे सारखी चालू-बंद केल्याने बिल वाढत नाही, ट्यूब लवकर जाते. दोन मिनिटांसाठी उठलात तर राहू द्या, जेवायला निघालात तर बंद करा.