ताटात वाढलेले आणि अंगी लागलेले
(आमच्या निवासातील ज्येष्ठांच्या कुटुंबीयांसाठी माहिती)

भेटीला आल्यावर ‘आई नीट जेवते ना?’ असे आपण आवर्जून विचारता. रिकामे झालेले ताट हे त्याचे पुरेसे उत्तर नव्हे, कारण उतारवयात खाल्लेले सगळेच अंगी लागते असे नाही.

ब-१२ जीवनसत्त्वाचेच पाहा. ते निसर्गतः प्राणिज पदार्थांतच मिळत असल्यामुळे शाकाहारी व्यक्तीची भिस्त दूध, दही, पनीर यांवर असते. त्यातच वयपरत्वे जठरातले आम्ल कमी झाले, की अन्नातील ब-१२ नीट सुटे होत नाही, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या मेटफॉर्मिनमुळे किंवा पित्तावरच्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्यांमुळेही त्याचे शोषण घटू शकते. म्हणून पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसरभोळेपणा वाढणे या तक्रारी ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता आम्ही डॉक्टरांच्या कानावर घालतो.

ड जीवनसत्त्वासाठी सकाळचे कोवळे ऊन पुरते, हा समज फारसा खरा नाही. त्वचेत ते तयार करणारे किरण दुपारच्या सुमारास अधिक असतात, आणि वृद्ध त्वचेची ती क्षमताही कमी झालेली असते. डॉक्टर अनेकदा ६०,००० एककांची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायला सांगतात. तीच चुकून रोज घेतली गेल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. तेव्हा घरून आणलेली टॉनिके, गोळ्या कृपया उशाशी न ठेवता परिचारिकेकडे द्यावीत.

प्रथिनांची गरज वयाबरोबर कमी होत नाही. किलोमागे दिवसाला किमान १ ग्रॅम, म्हणजे ५० किलो वजनाच्या आजींना सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरच ठरवतात. कवळी सैल झाली की भाकरी आणि उसळ मागे पडते, मऊ भात आणि चहा-बिस्किटे तेवढी उरतात. (भूक मारण्यात बिस्किटांचा हात कोणी धरणार नाही!) त्यामुळे आम्ही घट्ट वरण, मुगाची धिरडी, दही आणि चालत असल्यास अंडे देतो.

दरमहा वजनाची नोंद होते. महिन्यात ५ टक्के घट झाल्यास आपल्याला लगेच कळवले जाते. वॉर्फरिन (रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे औषध) चालू असलेल्यांच्या पालेभाज्या मात्र आपण परस्पर वाढवू वा बंद करू नयेत, कारण त्यांतील के जीवनसत्त्वानुसार औषधाची मात्रा बसवलेली असते. घरून डबा आणणार असाल, तर स्वयंपाकघरात आधी सांगावे. त्या दिवशीचे जेवण त्याला जुळवून घेता येते.