फिशर, अलेक्झांडर

(1864–1936). इंग्रज मीनाकार व रौप्यकार. यंत्रनिर्मित मालाऐवजी हस्तकौशल्याला मान देणाऱ्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीच्या काळात इंग्लंडमध्ये मीनाकामाला (धातूवर रंगीत काच वितळवून केलेल्या कामाला) जी नवी प्रतिष्ठा लाभली, तिचे मोठे श्रेय त्याच्याकडे जाते. त्याचा जन्म स्टॅफर्डशरमधला. वडील मातीच्या भांड्यांवर चित्रे रंगवीत. लंडनच्या साउथ केन्झिंग्टन येथील कलाशाळेत शिकत असताना फ्रेंच मीनाकार दालपेरा याची प्रात्यक्षिके त्याने पाहिली आणि पुढे याच कामाला वाहून घेतले.

फिशरची भिस्त फ्रान्समधील लिमोझच्या जुन्या चित्रित मीनाकामावर होती. जयपुरी मीनाकामात धातू कोरून खळगे पाडतात आणि त्यांत रंग भरतात. लिमोझ पद्धतीत तसे खळगे नसतात. रंगीत काचेची भुकटी सरळ तांब्याच्या किंवा चांदीच्या पातळ पत्र्यावर पसरून भट्टीत वितळवतात. काच आणि धातू सारख्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावत नसल्याने पत्र्याला थोडा फुगवटा देतात व मागच्या बाजूलाही मीना चढवतात. एरवी तडे जातात. फिशर थरांच्या मध्ये सोन्या-चांदीचा वर्ख घाली आणि त्यावर पारदर्शक मीन्याचे थर एकामागून एक भाजून चढवी. प्रकाश या थरांतून आत शिरतो, वर्खावर आदळून परततो, आणि रंग खोलातून उजळल्यासारखा दिसतो. छायाचित्रात यातले फारसे काही उतरत नाही, म्हणून केवळ पुस्तकांतून फिशर पाहणाऱ्याला त्याची कामे काहीशी गडद वाटण्याचा संभव आहे.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील त्याचा कमरपट्टा (1893–96) पोलादाचा असून त्यावरील मीनाचित्रांत जर्मन संगीतकार वाग्नरच्या संगीतिकांतील प्रसंग आहेत. पोलादासारख्या रुक्ष धातूशेजारी मीन्याची झळाळी ठेवण्याचे धाडस त्या काळी विरळाच. पिसारा फुलवलेल्या मोराचा भिंतीवरचा दिवा (सु. 1899) हीही त्याची गाजलेली कृती, तीत धातुकाम आणि मीना इतके एकजीव आहेत की त्याला नुसता मीनाकार म्हणणे अपुरे पडते.

त्याचे अध्यापन मात्र या कलाकृतींहून दूरगामी ठरले. 1896 मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्समध्ये त्याने मीनाकाम शिकवले, 1904 मध्ये केन्झिंग्टनमध्ये स्वतःची शाळा काढली आणि 1906 मध्ये धातूवरील मीनाकामाची कृती सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. चित्रकार नेल्सन डॉसन त्याच्याकडे शिकला आणि त्याने ही विद्या पत्नी ईडिथला दिली. दुसरी शिष्या अर्नेस्टीन मिल्स हिने स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यासाठी मीनाकामाचे दागिने घडवले.