शेतात जुनी नाणी सापडली तर: कळवायचं कुणाला, कधी आणि कोणत्या कागदांसह

आधी नकार सांगून टाकतो, म्हणजे निम्म्या लोकांचा हेलपाटा वाचेल. मेटल डिटेक्टर घेऊन शेतात हौसेखातर जुनी नाणी शोधायची परवानगी देणारा अर्ज आपल्याकडे नाही. तहसीलदारांकडे नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे नाही, पुरातत्त्व खात्याकडेही नाही. तरीही लोक ‘मशीन वापरण्यास परवानगी मिळणेबाबत’ असा विषय लिहून अर्ज देतात आणि महिना-दोन महिने उत्तराची वाट बघत बसतात. मी अर्ज लिहून देण्याचं काम करतो, पण हा अर्ज लिहायचे पैसे मी घेत नाही, कारण तो लिहीतच नाही.

उत्खननाचा परवाना असतो, पण तो विद्यापीठं, डेक्कन कॉलेजसारख्या संस्था आणि प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञ यांच्यासाठी. १९५८च्या केंद्रीय प्राचीन स्मारक कायद्याप्रमाणे संरक्षित नसलेल्या जागेत पुरातत्त्वीय उत्खनन करायचं असेल, तर राज्य सरकारलासुद्धा आधी केंद्राची मंजुरी लागते. तिथे आपल्या गावठी मशीनला कोण विचारतो! संरक्षित क्षेत्रात तर जमीन तुमच्या मालकीची असली तरी खोदायला मनाई आहे. पीक घ्यायला हरकत नाही, पण मशागत वरच्या एक फूट मातीच्या खाली जाता कामा नये, अशी अट कायद्यातच आहे.

यूट्यूबवरचे इंग्लंडचे व्हिडिओ बघून पोरांचा गोंधळ होतो. तिथे संरक्षित स्थळं सोडून इतरत्र जमीनमालकाची संमती घेऊन मशीन फिरवता येतं. १९९६च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे सापडलेली वस्तू त्या कायद्यात बसत असेल तर १४ दिवसांत कळवायची, आणि बक्षिसाची रक्कम साधारणपणे मालक आणि शोधणारा निम्मी-निम्मी वाटून घेतात. तो कायदा तिथला. आपल्याकडे १४ दिवस नाहीत आणि निम्मा वाटाही नाही.

आपल्याकडे जे आहे ते शोधण्यासाठी नाही, सापडल्यावर कळवण्यासाठी आहे. नांगरताना, विहीर खणताना, शेततळ्यासाठी जेसीबी लावल्यावर किंवा जुन्या वाड्याची भिंत पाडताना काही निघालं, तर लागू होतो तो भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. गावात ज्याला गुप्तधन म्हणतात, तेच कायद्याच्या भाषेत निखात निधी. व्याख्या अगदी सैल आहे: जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही दडवलेली, काहीही किंमत असलेली वस्तू. म्हणजे भिंतीतला हंडाही त्यात आला. किंमत दहा रुपयांच्या वर असली की कळवणं बंधनकारक. १८७८ साली दहा रुपये ही मोठी रक्कम होती, आज तेवढ्यात चहा येतो. आकडा मात्र तसाच आहे. थोडक्यात, दोन शिवराया (शिवकाळापासूनची तांब्याची नाणी) निघाल्या तरी ‘आपलं थोडकं आहे’ म्हणून सुटका नाही.

आता ज्या मुदतीने सगळ्यात जास्त लोक अडकतात ती बघू.

‘चार महिन्यांत कळवायचं असतं ना?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याचं तोंड उघडताच कळतं. नाही. चार महिने हा आकडा कायद्यात आहे, पण तो तुमच्यासाठी नाही. तुम्ही कळवल्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात: अमुक ठिकाणी अमुक सापडलं आहे, कुणाचा हक्क असेल त्याने अमुक दिवशी हजर राहावं. हा हजेरीचा दिवस सूचना प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नसावा आणि सहा महिन्यांच्या पुढे जाऊ नये, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. सापडणाऱ्याने मात्र ‘व्यवहार्य होईल तितक्या लवकर’ कळवायचं आहे. दिवस मोजून दिलेले नाहीत, म्हणून लोकांना वाटतं सवड आहे. उलट आहे. दिवस मोजून दिलेले नाहीत म्हणूनच तीन आठवडे गप्प राहिलात तर त्या तीन आठवड्यांत काय करत होता, हे तुम्हाला सांगावं लागतं. आणि तोवर गावात बातमी फिरलेली असते, सराफाकडे एक नाणं जाऊन आलेलं असतं.

दुसरी चूक तोंडी सांगण्याची. पोलीस पाटलाला सांगितलं, तलाठ्याच्या कानावर घातलं, सरपंचांनी फोटो काढला, म्हणजे कळवलं असं होत नाही. कायद्याला लेखी सूचना हवी आणि ती जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे हवी. तलाठ्यांना जरूर सांगा, पंचनामा तेच करतील, पण अर्जावर ‘प्रति, मा. जिल्हाधिकारी’ हेच लिहा. विषयात ‘भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८, कलम ४ अन्वये सूचना’ असं स्पष्ट घाला. कलम लिहिलं नाही, तर अर्ज या टेबलवरून त्या टेबलवर फिरतो. मी एका कार्यालयात असा अर्ज ‘सापडलेल्या वस्तू’ म्हणून पोलिसांकडे आणि तिथून ‘महसूल विभागाचा विषय’ म्हणून परत आलेला पाहिलाय. शेतकरी बिचारा दोन्हीकडे उन्हात उभा.

मजकुरात तीन गोष्टी कायद्यानेच मागितल्या आहेत: काय सापडलं आणि अंदाजे किती किमतीचं, नेमकं कुठे, आणि कोणत्या तारखेला. ‘कुठे’ म्हणजे गाव, गट नंबर आणि गटातली जागा, उदाहरणार्थ ‘विहिरीच्या पूर्वेला बांधालगत, सुमारे चार फूट खोल’. किंमत कळत नसेल तर ‘अंदाज नाही’ लिहून मोकळं होऊ नका. नग, धातूचा रंग आणि एकूण वजन लिहा. आवक क्रमांकाची पोहोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका. टपालाने पाठवलं तर पोचपावती जपून ठेवा. उद्या कुणी म्हणालं की यांनी लपवलं, तर तो चिठोराच तुमचा वकील.

अर्ज दिला की वस्तूंचं काय? इथे दोन पर्याय आहेत आणि दुसरा सहसा कुणी सांगत नाही. एक, जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायच्या. दोन, मागाल तेव्हा हजर करीन अशी जिल्हाधिकाऱ्यांना योग्य वाटेल ती हमी देऊन स्वतःकडे ठेवायच्या. बहुतेकांसाठी पहिला बरा. घरात हंडा ठेवून रात्री झोप लागत नाही. पण जमा करताना पंचनाम्यात ‘पिवळ्या धातूची नाणी, अंदाजे’ असली भाषा चालवून घेऊ नका. नग मोजून घ्या, वजन काट्यावर करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, नाणी ज्या मडक्यात होती त्याच्या खापऱ्यांसकट नोंद करून घ्या. मोजायला अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या.

नाणी चिंचेने, राखेने किंवा लिंबाने घासू नका. ती चमकतात, पण अक्षरं जातात. वितळवू तर मुळीच नका. ओळख लपवण्यासाठी वस्तूत बदल करणं हा या कायद्यात वेगळा गुन्हा आहे. न कळवणं, जमा न करणं किंवा असा बदल करणं, यांपैकी काहीही केलं तर तुमचा वाटा सरकारजमा होतो आणि वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जमिनीचा मालक त्यात सामील असेल तर त्याचाही वाटा जातो आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आता कागद. कायद्यात कागदपत्रांची यादी नाही, पण कार्यालय सातबारा, ८-अ, आधार आणि गटाचा नकाशा मागतंच. सगळी अडचण सातबाऱ्यात असते. तो अजून आजोबांच्या नावावर असतो, वारस नोंद झालेली नसते, किंवा पाच चुलतभावांची नावं एकत्र असतात. शेत कसतो एक, बांधावर उभा दुसरा, पुण्यात नोकरीला तिसरा. नाणी निघेपर्यंत तिसऱ्याला गट नंबरही पाठ नसतो. जागेचा मालक म्हणून दोघा-तिघांनी हक्क सांगितला की वाटप थांबतं आणि प्रकरण दिवाणी न्यायालयाच्या दिशेने जातं. फेरफार करून घ्या, असं मी नाणी सापडण्याच्या आधीपासून सांगत असतो. ऐकतो कोण?

बटईने करणाऱ्यांची गत आणखी वाईट, कारण करार तोंडी असतो. आणि खरा वाद तिथेच आहे, कारण कायद्याचा वाटपाचा नियम ऐकून मालकांना धक्का बसतो. माल निनावी (म्हणजे पुरणाऱ्याचा हक्क सिद्ध न झालेला) ठरला आणि जागेचा मालक व शोधणारा वेगळे असले, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि उरलेला एक चतुर्थांश जागेच्या मालकाला. दोघं एकच असतील तर सगळं त्याचं. आता शोधणारा कोण? जेसीबीचा ड्रायव्हर, मजूर बाई जिच्या खुरप्याला मडकं लागलं, की ‘मी पैसे देऊन खोदायला लावलं’ म्हणणारा मालक? ते जिल्हाधिकारी चौकशीत ठरवतात. म्हणून मजूर असाल तर अर्ज स्वतःच्या नावाने करा, मालकाच्या अर्जात ‘साक्षीदार’ म्हणून सही करू नका. मालकांसाठीही सोय आहे: दोघांत आधीच करार असेल तर वाटप त्या कराराप्रमाणे होतं. विहिरीचं काम द्याल तेव्हा ठेकेदाराच्या कागदात एक ओळ वाढवायला काही जात नाही.

‘हे आमच्या पणजोबांनी पुरलं होतं’ असा दावा करणारा हमखास निघतो. कधी तो खराही असतो. सापडण्याच्या तारखेपासून मागच्या शंभर वर्षांत दावेदाराने किंवा त्याच्या पूर्वजाने ते दडवलं असावं असं मानायला आधार असेल, तर जिल्हाधिकारी प्रकरण तहकूब करून त्याला दिवाणी दावा दाखल करायला वेळ देतात. इथे लोक नाण्यावरचं साल वाचतात आणि फसतात. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ असलं तरी तो मडक्यात १९३०च्या पुढेही गेलेला असू शकतो. कायदा पाडल्याचं साल विचारत नाही, पुरल्याचं विचारतो. असा दावा कुणी सिद्ध केला नाही तर माल निनावी जाहीर होतो. तो निर्णय मान्य नसेल तर अपील दोन महिन्यांत करायचं. ही मुदत मात्र दिवस मोजून पाळायची.

पुढचं कलम कडू आहे, ते लपवत नाही. निनावी ठरल्यावर आणि वाटप होण्याआधी सरकार सगळा माल किंवा त्यातला हवा तेवढा भाग घेऊ शकतं. मोबदला म्हणून धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. धातूचे १०,००० झाले तर हातात १२,०००. सोन्याच्या होनांना हे ठीक. पण सातवाहनांच्या शिशाच्या किंवा पोटिनच्या (हलक्या मिश्रधातूच्या) नाण्यांचा धातू भंगाराच्या भावाचा, इतिहासासाठी मात्र ती अनमोल. शेतकरी म्हणतो, ‘मग मी का सांगू?’ त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. दहा रुपयांची मर्यादा आणि हा पाचवा हिस्सा, दोन्ही कधीच बदलायला हवे होते.

तरी एक सांगतो. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १३,०००हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला. कुणी कुणाला हरवलं, हे त्या ढिगातून दिसलं. ती नाणी मूठ-मूठ करून बाजारात गेली असती तर उरली असती फक्त चांदी. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेला संग्रह आज संग्रहालय म्हणून उभा आहे, तोही पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडावर पावसाने उघड्या पडणाऱ्या वस्तूंना कुणीतरी किंमत दिली म्हणून.

मशीनवाल्यांबद्दल दोन शब्द. गावात येणारा मशीनवाला बहुतेक वेळा एकटा येत नाही. मागे मांत्रिक असतो, कधी ‘पायाळू माणूस हवा’ (पायाकडून जन्मलेला) अशी मागणी असते, आणि आगाऊ रक्कम. मशीन वाजतं ते खिळ्याला, तुटलेल्या फाळाला, ट्रॅक्टरच्या नटाला. ‘आहे, पण राखण आहे’ असं ऐकलं की पैसे खिशातच ठेवा. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे: सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड.

सरकारने माल घेतला नाही आणि नाणी रीतसर तुमच्या हाती आली, तर वाटपाचा आदेश फाइलला लावून ठेवा. नाणी कुठल्या राजाची हे कळून घ्यायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात विचारा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्याप्रमाणे पुरावशेष ठरतं, आणि पुरावशेषांच्या खरेदी-विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाला आठवण म्हणून एखादी शिवराई सामानातून पाठवावी, असं अनेक आईवडिलांच्या मनात येतं. पाठवू नका. असं नाणं देशाबाहेर नेणं हा सहा महिने ते तीन वर्षं कैदेचा गुन्हा आहे. नाणं शंभर वर्षांच्या आतलं असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असा दाखला मिळतो. तो घेऊनच पाठवा.