कंपनीचे पाळणाघर: हक्क कोणाचा, अर्ज कसा करायचा

"आमच्याकडे बायका मोजक्याच, पाळणाघर कुठून देणार?" असे एचआरने सांगितले तर ऐकून गप्प बसू नका. अट महिलांच्या संख्येची नाहीच. आस्थापनेत स्त्री-पुरुष मिळून 50 किंवा अधिक कर्मचारी असले की पाळणाघराची सोय द्यावीच लागते. मातृत्व लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने ही तरतूद आली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती कलम 67 मध्ये आहे. पाळणाघर कंपनीच्या आवारातच हवे असे नाही. चार कंपन्यांनी मिळून चालवलेले किंवा जवळचे खासगीही चालते.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सहा महिने ते सहा वर्षांची मुले ठेवता येतात, आणि कंत्राटी, रोजंदारीवरच्या कर्मचाऱ्यांनाही ही सोय आहे. वडिलांनीही जरूर विचारावे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात पाळणाघर कामगारांच्या मुलांसाठी आहे, फक्त महिला कामगारांच्या नव्हे.

यासाठी सरकारी फॉर्म नाही. एचआरला साधा अर्ज किंवा ईमेल पुरतो, पण तोंडी विचारून थांबू नका. 26 आठवड्यांची रजा संपते तेव्हा बाळ जेमतेम सहा महिन्यांचे असते, म्हणून रुजू होण्याच्या महिना-दोन महिने आधीच अर्ज द्या. तिसऱ्या बाळाला रजा 12 आठवडेच मिळते. तेव्हा मधल्या काळासाठी घरून काम मिळावे, ही विनंतीही त्याच अर्जात करा. आईला बाळाकडे दिवसातून चार वेळा जाऊन येण्याची मुभा कायद्याने आहे (विश्रांतीची सुट्टी त्यातच धरतात). त्या चार वेळा अर्जातच लिहा, म्हणजे नंतर वरिष्ठांशी रोज वाद होत नाही.

सोबत साधारणपणे बाळाचा जन्मदाखला, लसीकरण कार्ड, फोटो, आईवडिलांचे आधार आणि कंपनीचे ओळखपत्र मागतात. ॲलर्जी किंवा चालू औषध असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. बाळाला घरी न्यायला आजी किंवा मावशी येणार असेल तर तिचे नाव, फोटो आणि मोबाइल नंबर आधीच नोंदवा. अनोळखी माणसाच्या हाती मूल न देणारे पाळणाघरच चांगले.

प्रवेशाआधी जागा स्वतः पाहा. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक ताई आहे का, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, हे स्पष्ट विचारा.

नकार आला तर तो लेखी मागा. नेमणूकपत्र आणि अर्जाची पोच जोडून सहायक कामगार आयुक्तांकडे तक्रार द्या. कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे.