प्रोसिजरलकडून ऑब्जेक्ट-ओरिएंटेडकडे (अनुभवी प्रोग्रामरचे स्थित्यंतर)

प्रोसिजरल पद्धतीने बरीच वर्षे कोड लिहिलेल्या प्रोग्रामरने ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धत (बोलण्यात ‘ऊप्स’) आत्मसात करणे. कोबोल, सी, पास्कल या भाषांत प्रोग्राम म्हणजे एकामागून एक चालणारी फंक्शने, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे तुकडे. डेटा वेगळा पडलेला असतो आणि ज्या फंक्शनला लागेल ते त्याला हात लावते. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीत डेटा आणि त्यावर चालणारे काम एकाच ऑब्जेक्टच्या पोटात राहते. बाहेरच्याने आत डोकावायचे नाही, काम सांगायचे. नव्या भाषेचे व्याकरण मुरलेल्या माणसाच्या हाताला लवकर बसते. कुठला निर्णय कोणाच्या गळ्यात घालायचा, ही सवय मात्र सहजी सुटत नाही.

ही कल्पना नॉर्वेतली. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेत क्लास (एका प्रकारच्या ऑब्जेक्टांचा साचा) आणि इनहेरिटन्स (एका क्लासने दुसऱ्याचे गुण वारशाने घेणे) प्रथम दिसले. १९७० च्या दशकात झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात ॲलन के आणि सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा उभी केली. ब्यार्न स्ट्रूस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये सी भाषेवर क्लास चढवायला घेतले. १९८३ मध्ये त्या भाषेचे नाव सी प्लस प्लस झाले. १९९५ मध्ये जावा आली.

मुंबईत संगणकाचे काम त्याआधीपासूनचे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये चालू झाला, टीसीएस १९६८ ची, अंधेरीचे सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ चे. बँका, विमा आणि शेअर बाजार यांचा हिशेब खाते, व्यवहार, व्याज असा रेकॉर्डांत मावणारा, म्हणजे कोबोलच्या सोयीचा. त्यामुळे या शहरात हे स्थित्यंतर बहुधा चालत्या गाडीतच करावे लागते: जुनी सिस्टिम सांभाळता सांभाळता नवी शिकायची.

फरक कळायला लोकलचे तिकीट पुरेसे आहे. समजा, एका प्रोग्राममध्ये भाडे काढणे, पास देणे, परतावा मोजणे आणि दिवसाचा हिशेब अशी चार फंक्शने आहेत आणि प्रत्येकात ‘दर्जा दुसरा असेल तर हे, पहिला असेल तर ते’ अशी स्विच-केस आहे. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर एसी लोकल धावू लागली. आता चारही फंक्शने उघडून तिसरी केस घालायची. परताव्यातली राहून गेली तर कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) बहुधा चकार शब्द काढत नाही; चूक खिडकीवरच्या प्रवाशाला सापडते. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड मांडणीत ‘एसी तिकीट’ हा नवा क्लास स्वतःचे भाडे, पास, परतावा घेऊनच येतो. बोलावणारा कोड तिकिटाला दर्जा विचारत नाही, ‘तुझे भाडे सांग’ एवढेच म्हणतो. यालाच पॉलिमॉर्फिझम म्हणतात.

जुना प्रोग्रामर इथे हटकून एक शंका काढतो, आणि ती रास्त आहे. उद्या नवा दर्जा आला नाही, पण पाचवे काम आले, उदाहरणार्थ विद्यार्थी सवलत, तर? प्रोसिजरल कोडमध्ये एक फंक्शन वाढवले की झाले. इथे प्रत्येक क्लास उघडावा लागतो. तेव्हा प्रकार वाढणार की कामे वाढणार, हे धंदा पाहूनच ठरवावे लागते.

सरावलेल्यांच्या चुकाही ठरावीक. जुनी फंक्शने उचलून एका भल्यामोठ्या ‘मॅनेजर’ क्लासमध्ये कोंबणे ही पहिली. प्रत्येक फील्डला (क्लासमधल्या डेटाच्या घटकाला) गेटर-सेटर, म्हणजे तो बाहेरून वाचू-बदलू देणारी फंक्शने, लावून डेटा पुन्हा चव्हाट्यावर आणणे ही दुसरी. तिसरी उलट्या टोकाची: इनहेरिटन्स नवीन सापडले म्हणून पाच-सहा पिढ्यांचा वंशवृक्ष उभा करणे. ‘ऊप्सचे चार खांब’ (एनकॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम) घडाघडा म्हणणारा उमेदवारही या तिन्ही चुका करतो, त्यामुळे मुलाखतीतल्या त्या प्रश्नाने फारसे काही कळत नाही.

खरे तर अनुभवी माणूस रिकाम्या हाताने येत नाही. तपशील मॉड्यूलच्या (प्रोग्रामच्या स्वतंत्र भागाच्या) आत लपवावा, हे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच मांडले होते. सीमध्ये फाइल उघडली की हाती फाइल पॉइंटर येतो. आत काय आहे याची चौकशी न करता तो पुढच्या फंक्शनला द्यायचा, हे एनकॅप्सुलेशनच, म्हणजे तपशील आत झाकून ठेवणेच, झाले. स्ट्रक्टमध्ये (सीमधल्या डेटाच्या गठ्ठ्यात) फंक्शन पॉइंटर, म्हणजे फंक्शनचे पत्ते, ठेवून लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) वेगवेगळ्या फाइल सिस्टिम एकाच तऱ्हेने हाताळते. असा कोड लिहिलेल्याला क्लास म्हणजे आपल्याच सवयीला मिळालेले नाव वाटते. कोबोलवाल्याकडे मात्र हा धागा कमी असतो. २००२ च्या मानकाने कोबोललाही क्लास दिले, पण ते वापरणारे थोडेच निघाले.