दादाभाईंचे वीस रुपये आणि आजचा जीडीपी: पायाभूत वर्षामागची गोष्ट

जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाच्या आकड्यांच्या, नव्या मालिकेसाठी २०२२-२३ हे पायाभूत वर्ष ठरले. म्हणजे ज्या वर्षाचे भाव आणि पाहण्या धरून पुढची वाढ मोजायची ते वर्ष. त्याआधीचे वर्ष होते २०११-१२. मधल्या काळात नोटाबंदी झाली, जीएसटी आला, करोनाने दुकाने बंद पाडली, भाजीवाल्याच्या गाडीवर क्यूआर कोड लागला. मोजपट्टी मात्र तीच राहिली. विकासदर वाढेल की घटेल, याचीच चर्चा जास्त होते. पण ही मोजपट्टी कोणासाठी आणि कशी घडली, हे समजल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

या मोजणीचा उगम मुंबईशी जोडलेला आहे. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात सरकारचेच पीकपाण्याचे आकडे घेऊन १८६७-६८ चे दरडोई उत्पन्न काढले: वर्षाला वीस रुपये. मग त्यांनी त्याच्या शेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च मांडला. तो वीस रुपयांहून जास्त भरला. सामान्य रयतेच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही, हे सिद्ध करायला त्यांना दुसरे काही लागले नाही. आपल्याकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा जन्माला आला तो असा, लोकांच्या पोटाची चौकशी करण्यासाठी.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस. सदस्य पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव. सल्लागारांत सायमन कुझनेट्स आणि रिचर्ड स्टोन हे परदेशी अर्थतज्ज्ञ होते. दोघांनाही पुढे नोबेल मिळाले. समितीने १९४८-४९ चे उत्पन्न सुमारे ८,६५० कोटी रुपये धरले, म्हणजे माणशी सुमारे २४७ रुपये. अडचणही तिने लपवली नाही: शेतकरी पिकवतो त्यातले बरेचसे घरीच खातो, बलुतेदाराला धान्यात मोबदला मिळतो, कारागिराकडे वही नसते. १९५३ मध्ये स्टोन यांच्याच पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांची राष्ट्रीय लेख्यांची पद्धती, म्हणजे देशाचे उत्पन्न मोजायची जागतिक नियमावली, आली. ती हिशेब ठेवणाऱ्या अर्थव्यवस्था समोर ठेवून लिहिलेली होती. आपली ओढाताण तिथूनच सुरू झाली, असे मला वाटते.

पुढे पायाभूत वर्षे बदलत गेली: १९६०-६१, १९७०-७१, १९८०-८१, १९९३-९४, १९९९-२०००, २००४-०५. बाहेरचा खरा रेटा आला तो मेक्सिकोच्या चलनसंकटानंतर. गुंतवणूकदारांना वेळेवर आकडे मिळावेत म्हणून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १९९६ मध्ये माहिती प्रसाराचे मानक आणले. भारत त्याच वर्षी त्यात सामील झाला. १९९९ पासून तिमाही जीडीपी जाहीर होऊ लागला. आकडा कोणत्या दिवशी येणार हे आधीच ठरू लागले. गैरसोयीचा आकडा मागे ढकलणे त्यामुळे अवघड होते, म्हणून ही शिस्त मला मोलाची वाटते.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या याच पद्धतीच्या २००८ च्या आवृत्तीनुसार २०११-१२ ची मालिका आली. काही हजार कंपन्यांच्या नमुन्याऐवजी लाखो कंपन्यांचे ताळेबंद वापरले गेले आणि २०१३-१४ चा विकासदर ४.७ वरून ६.९ टक्के झाला. वाद पेटला. त्यातला एक मुद्दा फार तांत्रिक समजला जातो, पण तो बेकरीच्या काउंटरवर उलगडतो. बेकरीने १०० रुपयांचे पाव विकले, मैदा-इंधनाला ६० लागले, उरलेले ४० हे मूल्यवर्धन; जीडीपीत हेच धरतात. पुढच्या वर्षी पाव तेवढेच, भाव तोच, पण कच्चा माल स्वस्त होऊन खर्च ४८ वर आला. मूल्यवर्धन ५२. पावाचा भाव बदलला नाही म्हणून महागाई शून्य धरली, तर कागदावर ३० टक्के वाढ दिसते. पाव मात्र एकही जास्त भाजलेला नाही. म्हणूनच विकलेला माल आणि कच्चा माल यांची भाववाढ वेगवेगळी वजा करावी, असे जागतिक पद्धती सांगते. कारखानदारीच्या बाबतीत आपण ते वर्षानुवर्षे टाळले.

असंघटित क्षेत्राची आबाळ त्याहून मोठी. पायाभूत वर्षाची पाहणी पकडायची आणि पुढची वर्षे इतर निर्देशकांच्या आधाराने ओढत न्यायची, ही २०११-१२ च्या मालिकेची रीत होती. नोटाबंदीत छोटा कारखाना बंद पडला आणि मोठ्या कंपनीने त्याचे गिऱ्हाईक घेतले, तर अशा हिशेबात कंपनीची वाढ दिसते, कारखान्याचे बुडणे दिसत नाही.

जीडीपीतून वजा करायच्या महागाईचेही तसेच. घाऊक किंमत निर्देशांकात डॉक्टरची फी नाही की घरभाडे नाही. ग्रामीण-शहरी एकत्र ग्राहक निर्देशांक २०११ मध्ये आला. त्याची २०१२ ची टोपली, म्हणजे कोणत्या वस्तूला किती भार द्यायचा याची यादी, २०११-१२ च्या घरखर्चाच्या पाहणीवर बेतलेली होती. त्यात अन्न-पेयांचा भार जवळपास ४६ टक्के होता. २०१७-१८ ची खर्चपाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही. २०२२-२३ ची आली तेव्हा दिसले, की ग्रामीण घरात अन्नावरचा खर्च सुमारे ५३ टक्क्यांवरून ४६ वर आलेला आहे. म्हणजे व्याजदर ठरवणारी रिझर्व्ह बँक आणि भाववाढीने गांजलेले घर, दोघेही जुन्या टोपलीवर विसंबून होते.

आता असंघटित उद्योगांची पाहणी दरवर्षी होते, रोजगाराचे आकडे एप्रिल २०२५ पासून दरमहा येतात. पण या पाहण्यांसाठी गावे निवडायची मूळ यादी जनगणनेची. २०२१ ची जनगणना झालीच नाही. नव्या मालिकेच्या वर्षातही, २०२२-२३ मध्ये, दारोदार फिरणाऱ्या पाहणी कर्मचाऱ्यांची गावे २०११ च्या यादीतूनच निवडली गेली होती.